वाचून दाखविला, बरोबर आहे

पंचफुला रंगारी, वय एक्कावन्न,
धंदा : कळमन्याच्या सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडणे.
एवढं लिहिलं आणि मी शिंकलो.
ती म्हणाली, लुगड्यात असते बाप्पा, धुतली तरी जात नाही.

तीन संध्याकाळी आली. मागच्या दाराने,
जिथे जप्तीच्या मोटारसायकली गंजतात.
नैताम मॅडम म्हणाल्या होत्या, वर्दी काढून बसा, डोंगरवार,
आणि पंखा बंद ठेवा, ती हळू बोलते.
मे महिना. सेहेचाळीस डिग्री.
माझ्या मनगटाखाली कागद भिजत गेला.

गोलू कूलर आधी खरंच कूलर द्यायचा भाड्याने,
मार्च ते जून, टिमकीपासून भरतवाड्यापर्यंत.
मग पैसे द्यायला लागला.
दहा हजाराला आठवड्याचे हजार.
एक मंगळवार चुकला की पोरं येऊन बसायची ओट्यावर.
"काही करत नव्हते, साहेब. बसत फक्त.
माह्या पोरीच्या शाळेची वेळ विचारत."

मी लिहिलं : सदर इसमांनी दहशत निर्माण केली.
वाचा, म्हणाली. वाचलं.
"मी काय सांगून राहिली अन् तुमी काय लिहून राहिले?
शाळेची वेळ विचारत, ते लिहा."
बावीस वर्षं मी लिहितोय.
किती बायांच्या तोंडात 'सबब' कोंबलं असेल,
किती रडण्यांना 'तद्नंतर' जोडलं असेल.
खोडलं. बाजूला लहान सही केली.
लिहिलं : ते पोरीच्या शाळेची वेळ विचारत.

वस्तीतली चाळीस घरं त्याच्या वहीत.
मोक्का लावायचा तर कुणीतरी बोलायला हवं,
आणि चाळीसही घरं म्हणत, आमचं कुठे काय.
त्यांचं चुकत नव्हतं.
आमच्याच ठाण्यातली बातमी
एकदा आमच्या जीपच्या आधी पोचली होती त्याच्याकडे.
ज्याने पोचवली त्याच्या शेजारी बसून मी डबा खाल्लाय.
हे जबाबात नाही.

गोदामावर धाड पडली पहाटे.
रांगेत बंद कूलर, ऐंशी-नव्वद.
उईकेने एकाची जाळी सरकवली,
खसच्या मागे, कोरड्या टाकीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले
मुद्रांक. दोनशे बारा.
वर काहीच लिहिलेलं नाही. खाली अंगठे.
घर, प्लॉट, जे हवं ते नंतर भरायचं.

त्यात तिचा शोधायचा होता.
नमुन्यासाठी शाईत बुडवून दहादा घेतला.
रेषाच नाहीत.
तीस वर्षांच्या देठांनी बोट असं घासून काढलेलं
की उमटतो नुसता काळा डाग.
तज्ज्ञ लिहितील : ओळख पटविण्यायोग्य नाही.
मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या.
पदराला शाई पुसत तीच म्हणाली,
"मंग मी बोलीन न कोर्टात.
अंगठा झिजला. तोंड त नाही झिजलं माह्यं."

उईके आता रात्रभर तिच्या गल्लीत असतो,
दर दोन तासांनी वहीत सही,
त्याच ओट्यावर, जिथे ती पोरं बसायची.
पहिला आठवडा कोणी पाणी विचारलं नाही.
वर्दीतला असला तरी
ओट्यावर बसलेला माणूस तो ओट्यावर बसलेलाच.
मग एका सकाळी पोरीने दप्तर पाठीवर टाकता टाकता
त्याला शाळेची वेळ सांगितली. त्याने विचारली नव्हती.

गोलू कूलर आत आहे. जामिनाचा हा तिसरा अर्ज.
तारीख पुढे गेली, अजून जाईल.
मागच्या दाराने आणखी सहा जणी आल्या,
त्यातली एक जबाब अर्धा टाकून परत गेली.
काल एक आली, पुढच्या दाराने.
फाइल लोखंडी कपाटात आहे, दुसऱ्या खणात.
जो उघडतो तो शिंकतो.